आठ दिवस अजून

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली, तेव्हा ओमकार आणि दिपेश एकमेकांशी बोलत नव्हते.

लिफ्ट कसली, कपाटच ते. दोघं उभे राहिले की एकाचा श्वास दुसऱ्याच्या मानेवर यायचा. ब्रसेल्समधली जुनी इमारत. पाचव्या मजल्यावर त्यांनी खोली भाड्याने घेतली होती. संदेशला असल्या डब्यात जीव घुसमटायचा, म्हणून तो जिन्याने पुढे गेला होता.

ओमकारने घंटेचं बटण दाबलं. भिंतीतून एक बाई फ्रेंच बोलू लागली. आम्ही अडकलोय, असं त्याने इंग्रजीत तीन वेळा सांगितलं. बाई फ्रेंचमध्येच बोलत राहिली, शेवटी 'मर्सी' म्हणाली आणि आवाज बंद झाला.

"काय बोल्ली?" दिपेशने विचारलं.

"मला काय म्हाइत?"

इथे आल्यापासून हेच चाललं होतं. तिघांत इंग्रजी ओमकारलाच येत होतं. म्हणून ट्राम त्याने विचारायची, हॉटेलात त्याने बोलायचं, रस्ता त्याने शोधायचा. संदेशने फोटो काढायचे. पैसे दिपेशने द्यायचे.

तिघं आटगावजवळच्या एकाच गावातले, शाळेपासून एकत्र. पण दिपेशच्या घरचं वावर नव्या महामार्गात गेलं आणि मोबदल्याच्या पैशातून त्याच्याकडे काळी गाडी आली. गाव सोडून तो शहापुरात लॉजवर खोली घेऊन राहू लागला. आता याला गावातलं घर कसं आवडेल, असं लोक म्हणाले. एक दिवस येऊन तो म्हणाला, "चला, परदेश बघून येऊ. खर्च माझा." नाही कोण म्हणणार?

विमानतळावरच त्याने दोघांचे पासपोर्ट स्वतःच्या कमरेच्या पाकिटात टाकले. "तुमी हरवाल." तेव्हा ओमकारला ते बरंच वाटलं होतं. पण हळूहळू त्याचा जाच होऊ लागला. उठायचं कधी, खायचं काय, सगळं दिपेश ठरवायचा. कुणाला एकटं पाय मोकळे करायला जाऊ द्यायचा नाही. डोळे मिटायला लागले तरी बोलत राहायचा. दोघं घरी व्हिडिओ कॉल लावून आईबापांना चौक दाखवू लागले, की हा काहीतरी आणायला उठून जायचा आणि परत आला की म्हणायचा, "झालं का तुमचं?"

आणि आज दुपारी, चौकात बटाट्याचे तळलेले काप खाता खाता, त्याने सहज सांगून टाकलं, "शनिवारी नाय जायचं. तिकिटं बदलली. आठ दिवस अजून ऱ्हाऊ."

संदेश खूश झाला. त्याची स्वतःची इको गाडी शहापूर-मुरबाड शेअरने चालायची. ती आठ दिवस उभी राहिली म्हणून काही बिघडणार नव्हतं. ओमकारने मात्र हातातला काप परत पुडीत टाकला. सोमवारी त्याला मुरबाडच्या एमआयडीसीत कामावर हजर व्हायचं होतं. दारोदार फिरून, हातापाया पडून लागलेली नोकरी. दिपेशला हे ठाऊक होतं.

वरून संदेशचा आवाज आला, "घाबरू नका रे! मानूस आनतो!" त्याची पावलं धडधडत खाली गेली.

लिफ्टमध्ये हवा कमी कमी होतेय असं ओमकारला वाटू लागलं. सदरा पाठीला चिकटला.

"माझा पासपोर्ट दे," तो म्हणाला.

"हितं?"

"हितंच. तुझ्या पैशानं इमानात बसलो म्हंजे तुझा गडी नाय झालो मी. कोंडून ठेवलंस आमाला. तुझं बरं हाय, बसून खायाचंय. आमाला पोट हाय."

दिपेश चिडेल असं त्याला वाटलं होतं. पण दिपेशने पाकिटाची चेन उघडली आणि दोन्ही पासपोर्ट त्याच्या हातात ठेवले.

"तुमची तिकिटं नाय बदलली मी. शनिवारचीच हायत. माझंच बदललंय."

"मंग खोटं कशाला बोल्लास?"

"बघत व्हतो. कोन ऱ्हातंय का."

तेवढ्यात लिफ्टला हिसका बसला. ती घरघरत खाली उतरली. दार उघडलं, तर समोर संदेश आणि त्याच्यामागे इमारतीचा रखवालदार. ओमकार कुणाकडे न बघता सरळ रस्त्यावर आला. गार हवा त्याने पोटभर आत घेतली. मग घरी फोन लावला.

"आई, शनिवारी निघतोय गो!"

"ये बाबा, ये," आई म्हणाली. "बाप तुझा रोज इचारतो, पोर कदी येतंय."

फोन ठेवून तो वळला. दिपेश इमारतीच्या पायरीवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. ओमकारचा राग केव्हाच निवला होता, उलट आपण फार बोललो असं त्याला वाटू लागलं.

"तू बी चल ना," तो म्हणाला. "ना तुला इंग्लिश येत, ना फ्रेंच. आठ दिवस एकटा काय करनार? पुरं झालं आता फिरनं."

दिपेश पायरीवरच बसला.

"वावराच्या कागदावर बा सही करत नव्हता," तो म्हणाला. "मीच त्याचा हात धरून अंगठा टेकवला. त्याच दिवशी त्यानं सांगलं, पैसं घे नि नीघ, मी मेलो तरी तोंड दाखवू नको." मग तो ओमकारकडे वळला. "तुमाला काय वाटलं, मी फिराया आलो व्हतो?"