गाण्यात मेलेली बहीण

खोलीत दोघंच उरली तशी फुसाए म्हणाली, “दादा, मला गावी परत यायचंय. हे गेल्यापासून निइगाताचं घर खायला उठतं.”

आरशासमोर बसलेल्या सेइगोने पांढऱ्या केसांवरून फणी फिरवली. बाहेर अकिताचं सभागृह भरत आलं होतं. त्याला गायला लागून पन्नास वर्षं झाली होती, आणि त्याचा एकही कार्यक्रम ‘फुसाए’ गायल्याशिवाय संपला नव्हता. क्षयाने ऐन तारुण्यात गेलेल्या धाकट्या बहिणीचं गाणं. शब्द त्याचेच, चालही त्याचीच.

क्षय तिला खरोखरच झाला होता. फक्त ती बरी झाली. तोवर गाणं घरोघरी पोचलं होतं. गाजतंय तोवर गप्प राहा, असं सेइगो तेव्हा म्हणाला. गाणं गाजतच राहिलं.

“गावात तुझं स्मारक आहे,” तो म्हणाला. “लांबलांबून माणसं फुलं घेऊन येतात. तिथे तू भाजी आणायला कशी हिंडणार?”

“मला म्हातारीला आता कोण ओळखतंय?”

“नाव विचारतील की.”

“खोटं सांगेन. आजवर तेच केलंय.”

“माझे किती दिवस राहिलेत गं? मी गेल्यावर ये खुशाल.”

तेवढ्यात मॅनेजर आत डोकावला. “ह्या कोण?”

“जुन्या चाहत्या आहेत,” सेइगो उठत म्हणाला. “पुढे बसव यांना.”

कार्यक्रमाच्या शेवटी तो गिटार घेऊन स्टुलावर बसला. माइक जवळ ओढून हलक्या आवाजात म्हणाला, “आज मेकअपच्या खोलीत फुसाए आली होती. म्हणाली, दादा, मला गावी परत यायचंय.”

तो थांबला. किती थांबायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मागच्या रांगांतून हुंदके ऐकू आले, तेव्हा त्याने तार छेडली.

फुसाए मांडीवर हात ठेवून ताठ बसून राहिली. शेजारच्या बाईचा रुमाल ओलाचिंब झाला होता. गाणं संपल्यावर तिने फुसाएच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं. तिला ते रुचलं नाही.

“तुम्हाला भावंडं नव्हती वाटतं?”

“एक भाऊ होता,” फुसाए म्हणाली.