कागदावरचे बाबा

आलिकांतेच्या बंदराजवळच्या मनोऱ्यात मी पर्यटकांना शहर दाखवते. अंधाऱ्या खोलीत, छतातल्या भिंगातून, पांढऱ्या गोल टेबलावर खालचं जिवंत शहर उतरतं: बोटी, ताडांची वाट, मुंगीएवढी माणसं. दार उघडलं की उजेडात सगळं पुसलं जातं.

लोकांना हसवायला मी टेबलावर कागद धरून चालत्या माणसाला अलगद वर उचलते. बारा वाजता ताडांखालच्या बाकावरून माझे बाबा टोपी हलवतात, तेव्हा त्यांनाच.

"काल पुन्हा पोटात गोळा आला," सकाळी बाबा म्हणाले. "जरा हळू ठेवत जा गं खाली."

"बाबा, ती नुसती प्रतिमा असते. भौतिकशास्त्र शिकलेय मी."

"मग त्या शास्त्राला सांग, म्हातारा आहे, हळू ठेव."

आज बारा वाजता मी त्यांना उचललं आणि कागद भिंगातून येणाऱ्या झोताबाहेर नेला. तिथे कागद कोरा व्हायला हवा. बाबा त्याच्यावर टोपी हलवत होते. टेबलावरचा बाक रिकामा होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी कागद हळूच बाकावर टेकवला. बाबा उतरले नाहीत. पुन्हा टेकवला. नाहीत.

"न्यूरिया, ठेव आता बापाला खाली!" बाहेरून तिकीटवाली आम्पारो ओरडली. "पुढची मंडळी खोळंबलीत. दार उघडते!"

"नको!" मी किंचाळले.

कडी वाजली. कागदावर बाबांनी टोपी खाली घेतली आणि दाराकडे पाहिलं.