परक्याचा हात

पक्षाघातानं महमूदभाई अंथरुणाला खिळले. त्यांना उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं त्यांची बायको फरिदाच करायची. तिची कंबर धरली, तरी ती हटेना.

लेक मुबीना पनवेलच्या नर्सिंग ब्युरोत चौकशी करून आली. "अम्मी, दिवसाचा वॉर्डबॉय मिळतो. चोवीस तासांचाही मिळतो."

"मी जिवंत असेपर्यंत ह्यांना परक्याचा हात लागणार नाही," फरिदानं ठणकावलं.

पुढचे चार दिवस महमूदभाई लुळ्या जिभेनं सतत काहीतरी पुटपुटत होते. दुआ म्हणत असतील, असं तिला वाटलं.

पाचव्या दिवशी ती त्यांना उचलायला वाकली, तसा त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि एकेक शब्द जोर लावून उच्चारला, "उचलायला... माणूस ठेव. तू... नुसती बस. माझ्याजवळ."