पान लागलं

आदल्या संध्याकाळी कंट्रोलच्या रॉकेलचा दिवा बारीक करून मी आबांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. एका बातमीत कुणाला तरी साप चावला होता. शिराळ्यात आमच्या घरी तो शब्द कुणी तोंडातून काढत नसे, म्हणून मी 'पान लागलं' असं वाचलं. आबांच्या ते लक्षात आलं. ते हसले. "सांगलीला शिकून आली, पर पोरगी आमचीच ऱ्हायली."

दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजताना आबांनाच पान लागलं. माणसांनी त्यांना उचलून मारुतीच्या देवळात आणलं. दुपार कलली तरी भगत त्यांच्यावरून कडुनिंबाचा डहाळा फिरवत होता.

"पान लागलंय नव्हं, उतरंल," मनुआत्या आईला सांगत होती. बाकीची माणसं खाली बघत होती. आबांचा हात माझ्या हातात होता. तो केव्हाच गार पडला होता.

"माले, घरी जा, दूध तापवून आण," आई म्हणाली. "उठल्यावर त्यास्नी भूक लागंल."

मी जागची हलले नाही.

"आये," मी म्हणाले, "आबास्नी साप चावला. आबा गेलं."