उरलेली चिठ्ठी

छायाने खडूचा रिकामा खोका पुढे केला. त्यात दोन चिठ्ठ्या होत्या, एकीवर आंबा आणि दुसरीवर पेरू. तिने स्वतः खोक्यात हात घातला नाही. पहिल्या बाकावरच्या सृष्टीला उचलायला लावलं. पेरू निघाला.

छायाने डाव्या हाताने फळ्यावर लिहिलं, संभाव्यता एक छेद दोन. ‘‘उचलणाऱ्या हाताचा यात काहीही दोष नसतो,’’ ती म्हणाली. हे वाक्य कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं, तरी ती दर वर्षी म्हणायची. आणि दर वर्षी ते म्हणताना तिला वाटायचं, भारतदादा पाठीमागे उभा राहून फळा वाचतोय. वळून बघायची तिची छाती होत नसे.

‘‘मॅडम, पण एक छेद दोन कशावरून?’’ सृष्टीने विचारलं. ‘‘दुसरी चिठ्ठी उघडलीच नाही आपण. आमच्या मंडळाच्या सोडतीत कुकर दर वर्षी अध्यक्षांच्या मेहुण्यालाच लागायचा. एकदा सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या, तर सगळ्यांवर मेहुणाच!’’

वर्ग खो खो हसला. छायाच्या हातातला खडू मात्र तिथेच थांबला.

वीस वर्षांपूर्वी, १९९० साली, मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात अशाच दोन चिठ्ठ्या देवापुढे पडल्या होत्या. वडिलांनी अंथरूण धरलं होतं. भारत आणि कुंदन, तिच्या दोघा थोरल्या भावांतल्या एकालाच पुढे शिकता येणार होतं. दुसऱ्याने अंबडच्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात लागायचं. नाव निघेल त्याने फाउंड्री धरायची, असं ठरलं. चिठ्ठ्या भारतने लिहिल्या, कारण घरात त्याचंच अक्षर वळणदार. उचलायला छायाला बसवलं. ती नऊ वर्षांची होती.

भारत निघाला.

‘‘चला, सुटलो अभ्यासातून!’’ तो मोठ्याने हसला होता. ‘‘छाये, तुझा हात लय गुणाचा हाय.’’

दुसऱ्याच वर्षी भट्टीतलं वितळलेलं लोखंड त्याच्या अंगावर सांडलं आणि तो गेला. चेहरासुद्धा कुणाला बघू दिला नाही. त्या दिवसापासून छाया डाव्या हाताने लिहू लागली. मास्तरांनी छड्या मारून पाहिल्या, पण ती बधली नाही. देवाला डावा हात चालत नाही आणि तिला चिठ्ठी उचललेला स्वतःचा उजवा चालत नव्हता, म्हणून देव्हाऱ्याकडे ती कधी फिरकलीच नाही. संख्याशास्त्र शिकली तीही त्या एका वाक्यासाठीच. ते वाक्य तिने शेकडो मुलांना पटवलं. स्वतःला काही पटलं नाही.

संध्याकाळी घरी येताच तिने आईला विचारलं, ‘‘आई, ती उरलेली चिठ्ठी गंगेत कुणी सोडली?’’

उरलेली चिठ्ठी उघडायची नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. देवाने नको म्हटलेलं माणसाने वाचू नये. तशीच नेऊन गोदावरीत सोडायची.

भागुबाई फुलवाती वळत होती. तिचे हात थांबले.

‘‘सोडलीच नाय,’’ ती म्हणाली. ‘‘आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेली. मग भारत गेला. एक लेक गेल्यावर दुसऱ्या जित्या लेकाचं नाव पाण्यात कसं सोडू, बाई?’’

तिने देव्हाऱ्यातली तांब्याची डबी काढली. आत एक इवलीशी सुरळी होती, हळदी-कुंकवाने कडक झालेली. दर रविवारी भागुबाई तिची पूजा करत आली होती. कुंदन शिकला, ओझरच्या विमान कारखान्यात चिकटला, त्याला पोरं झाली, ते सगळं या चिठ्ठीमुळे, अशी तिची श्रद्धा. तिला अक्षरओळख नव्हती.

‘‘मला बघू दे एकदा.’’

‘‘आता देव काय रागवायचा राहिलाय? बघ.’’

कागद करकरला. कुंकवाची खपली पडली. आत शाई फिकट झाली होती, पण वळण तेच. शेवटच्या अक्षरापुढे शेपटासारखी ओढलेली शिरोरेघ. भारतचीच.

भारत.

दोन्ही चिठ्ठ्यांवर भारत. छायाने कुठलीही उचलली असती, तरी तोच निघणार होता. मुलांना ती याला निश्चित घटना म्हणून शिकवायची. संभाव्यता एक. इतकी वर्षं छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि ती मोकळी झाली. त्या मोकळेपणाची तिला लगेच लाज वाटली. मग तो हसलेला आठवला, सुटलो अभ्यासातून म्हणणारा, आणि तिला रडू फुटलं.

‘‘काय गं? रडतीस कशापायी?’’ भागुबाई घाबरली. तिने कागदाकडे बोट दाखवलं. ‘‘काय लिवलंय?’’

छायाने डोळे पुसले.

‘‘कुंदन,’’ तिने वाचलं, आणि चिठ्ठी उजव्या हाताने देवापुढे ठेवली.