फौजींची सतरंजी

"अरे, ह्या आजीबाईंना कुणीतरी शाली द्या रे!" धनुष्याला बाण लावता लावता ग्यालसन ओरडला आणि सगळं मैदान हसलं.

आजीबाई म्हणजे कडेला सतरंजीवर मांडी घालून बसलेले जवान. परवाच ते खालच्या मुलखातून इतक्या उंचावर आले होते. सहा दिवस धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाचायचं तर नावच काढायचं नाही, असा त्यांच्या कॅप्टन डॉक्टरचा, इलांगोचा, हुकूम होता. गावचा बाणांचा उत्सव बघायची परवानगी मिळाली होती, तीही बसून.

"आणि तुमचा मुलगा, ओत्सल?" आरोग्य केंद्राच्या डॉक्टर यांगदोलनं विचारलं. "तोही परवाच आलाय ना चंदीगडहून, तीन वर्षांनी? त्याला तपासू द्या म्हणून मी आणि कॅप्टन तुमच्या दारात उभे होतो, आझांग-ले." ग्यालसनला सगळं गावच आझांग-ले, म्हणजे मामा म्हणायचं.

"मग? चहा पाजला की तुम्हाला! लोणी घालून!" ग्यालसन म्हणाला. "पोरगा इथला, त्याची छाती इथली. आराम फौजींनी करायचा."

गावची डॉक्टर आणि फौजेचा डॉक्टर मिळून दोन वर्षं हेच शोधत होते, की डोंगरातलीच माणसं खाली राहून परत आली की आजारी का पडतात. गावाला त्यात संशोधन करण्यासारखं काही दिसत नव्हतं. हसण्यासारखं मात्र भरपूर होतं.

ग्यालसननं दोरी ताणली. तेवढ्यात नाचणाऱ्यांच्या रांगेत ओत्सल खाली बसला, खोकला आणि आडवा झाला. ओठ निळे, बाहीवर गुलाबी फेस. दमन नगाऱ्यांची जोडी बडवणाऱ्या म्हाताऱ्या मेमे इशेचे हात हवेतच राहिले.

यांगदोलनं पोराच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्यावर आकडा उमटला, अठ्ठावन्न. केंद्रातला ऑक्सिजनचा एकुलता एक सिलिंडर सकाळीच संपला होता. कॅप्टन वायरलेसवर ओरडत होता आणि पलीकडून एकच उत्तर येत होतं. वारा पडल्याशिवाय हेलिकॉप्टर उडणार नाही.

"तोवर?" ग्यालसननं विचारलं. त्याच्या हातात बाण तसाच होता.

"तोवर त्याला इथल्या इथे खाली उतरवू," कॅप्टन म्हणाला आणि त्यानं जीपमधून माणूस मावेल एवढी रबरी पिशवी ओढून काढली. आत हवा दाबून भरली की आतल्या माणसाच्या छातीला वाटतं, आपण डोंगर उतरलो. दोघा डॉक्टरांनी ओत्सलला आत सरकवून चेन लावली. मोटर सुरू केली. मोटर दोनदा गुरगुरली आणि थंडीनं बसली ती बसलीच.

"पायानं भरायची!" कॅप्टननं पायपंप जोडला. "आता थांबायचं नाही. पाय थांबला की आतली हवा खराब झाली!"

सगळे जवान एकदम उठले. "साहेब, आम्ही!"

"खाली बसा! तुम्ही पाय मारलात तर उद्या तुम्हीच आत जाल!"

ग्यालसननं सर्वांना ढकलून पंपावर पाय ठेवला आणि वेड लागल्यासारखा मारत सुटला. पिशवी फुगली, पंप उड्या मारू लागला, नळी निसटली. कॅप्टननं ती परत बसवली. "हळू! एका लयीत!" जो तो आपापल्या तालात एक-दोन, एक-दोन ओरडत होता. नळी पुन्हा निसटली.

यांगदोल गर्रकन वळली. "मेमे-ले, हात का थांबवलेत? म्हाताऱ्यांच्या नाचाचा ठेका धरा! सगळ्यात संथ!"

दमनवर पहिला ठोका पडला. ग्यालसनचा पाय खाली गेला. दुसरा ठोका, पुन्हा पाय. नळी जागची हलली नाही.

मग काय विचारता! लांब झगे आवरत बाया रांगेत उभ्या राहिल्या, एकीचा पाय भरून आला की दुसरीचा टेकायचा, ठोका चुकायचा नाही.

"साहेब, टाळ्या तरी वाजवू?" सतरंजीवरून कुणीतरी विचारलं.

"वाजवा!"

वाजल्या. यांगदोल पिशवीच्या खिडकीच्या काचेला नाक लावून ओत्सलच्या बोटावरचे आकडे सांगत होती. "पासष्ट! बहात्तर! पुन्हा एकाहत्तर... नाही, अठ्ठ्याहत्तर!" ग्यालसन पुन्हा पंपावर आला होता. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि ते सगळंच घामाचं नव्हतं.

"अठ्ठ्याऐंशी! डोळे उघडले!"

बाण नेमका लागला की मेमे इशे दमनवर एक तुफान ठोका वाजवतो. दिवसभरात तो एकदाही वाजला नव्हता. तो आता वाजला. सगळं गाव किंचाळलं, टोप्या उडाल्या, जवान एकमेकांच्या गळ्यात पडले, ग्यालसन तर जागच्या जागी नाचायलाच लागला.

"पाय!" दोन्ही डॉक्टर एकदम ओरडले.

ग्यालसनचा पाय झटक्यात पंपावर आला. मेमे इशेही जीभ चावून पुन्हा संथ ठेक्यावर गेला.

ऊन कलताना वारा पडला आणि ओत्सलला लेहच्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टर आलं. आजाऱ्याशेजारी एकच जागा होती, ती कॅप्टननं घेतली. ग्यालसन रस्त्यानं लेहला जायला निघाला, तेवढ्यात लेहचीच एक टॅक्सी मैदानाशी येऊन थांबली. त्यातून जम्मूला शिकणारी त्याची भाची चोरोल उतरली आणि उत्सवाचं दमन पुन्हा सुरू झालेलं ऐकून बॅगसकट नाचायच्या रांगेकडे निघाली.

"ए! खाली बस. सहा दिवस."

"मी?" चोरोल हसली. "आझांग-ले, मी काय फौजी आहे? मी इथलीच आहे!"

ग्यालसननं तिच्या हातातली बॅग काढून घेतली आणि टॅक्सीत बसण्याआधी ती नेऊन सतरंजीवर ठेवली.

कडेचा जवान तिच्यासाठी थोडा सरकला.