पाळकसाहेबांचा जबाब

उपदेश करताना पाळक उजगरे यांना तिसऱ्या बाकावर मार्था दिसे. सुजलेला ओठ पदराने झाकून ती एकटक पाहत असे. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. "नवऱ्याला क्षमा कर, घरी जा," असं सांगून त्यांनीच तिला परत पाठवलं होतं. चौथ्या दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, म्हणाले घरचे.

आज त्याच माणसाची दुसरी बायको गालावर वळ घेऊन चर्चच्या दारात उभी होती.

"पाळकसाहेब, माझ्यासाठी प्रार्थना करा."

"वाटेत करू. आधी पोलीस ठाण्यात चल."

हवालदाराने तक्रार लिहून घेतली. मग विचारलं, "पहिल्या बायकोने कधी तक्रार केली होती का?"

"केली होती," पाळक म्हणाले. "माझ्याकडे."